अकरा मूर्तींचा एक्स-रे

"मोठा श्वास घ्या... रोखून धरा," फोटोबाई सवयीने म्हणाल्या, आणि बटण दाबल्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं. टेबलावर आडवी पडली होती ती हातभर उंचीची लाकडाची बाई. पोटाशी मूल धरलेली, मान लांबलचक, पाय आखूड. ती कसला श्वास रोखतेय!

ते हसू पडद्यावर चित्र उमटेपर्यंतच टिकलं.

तेहतीस वर्षं त्या एकाच दवाखान्यात एक्स-रे काढत होत्या. लोकांच्या तोंडी एक्स-रे म्हणजे फोटो, म्हणून त्या फोटोबाई. मोडलेली मनगटं, पोरांनी गिळलेली नाणी, म्हाताऱ्यांची ठिसूळ झालेली कंबर, सगळं पाहून झालं होतं. चित्र कितीही वाईट असो, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, कारण पेशंट चित्राकडे नाही तर बाईंच्या तोंडाकडे बघत असतो. त्या दुपारी खोलीत पेशंट नव्हता ते बरं झालं. लाकडाच्या करड्या रेघांमध्ये, मुलाच्या पाठीमागे, बरोबर पोटाच्या जागी एक काळीकुट्ट पोकळी होती. कडा गोल आणि सरळ, कंपासने आखल्यासारख्या. आणि तिच्या तळाशी तांदळाएवढा एक पांढरा ठिपका.

कीड अशी सरळ रेषेत पोखरत नाही, एवढं त्यांना न शिकताही कळत होतं.

खरं तर किडीमुळेच त्या इथवर आल्या होत्या. फोटोबाईंच्या दोन खोल्यांच्या घरात आफ्रिकेतून आलेल्या त्रेचाळीस लाकडी मूर्ती होत्या. पुस्तकांच्या फळीवर, खिडकीत, फ्रिजवर, एक तर न्हाणीघराच्या दाराशी. नवरा पाहुण्यांना सांगायचा, "घरात आम्ही दोघंच, पण जेवायला बसलो की पंगत वाटते." महिन्यापूर्वी झाडताना बाईंना फळीवर पिवळसर पीठ पडलेलं दिसलं, कीड लागल्याची खूण. त्या संग्रहालयात धावल्या. तिथल्या लाकूड सांभाळणाऱ्या बाई समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, "वरून औषध लावून काय उपयोग? आत किती पोखरलंय ते कळायला हवं. एक्स-रे निघाला तर फार बरं होईल. पण कोण काढून देणार?"

"ते माझ्यावर सोडा," फोटोबाई म्हणाल्या.

सोडा म्हणाल्या खऱ्या, पण मोठ्या डॉक्टरांकडे परवानगी मागायला जाताना त्या दोनदा दारातून मागे फिरल्या होत्या. तेहतीस वर्षांत स्वतःसाठी एक फिल्म वापरली नव्हती. सख्ख्या जावेचा हात मोडला तेव्हा तिलाही रांगेत उभं केलं होतं. जाऊ अजून ते ऐकवते. मोठे डॉक्टर हसून म्हणाले, "बाई, दोन महिन्यांनी रिटायर होताय. काढा तुमच्या पाहुण्यांचे फोटो. ओपीडी संपल्यावर मात्र."

म्हणून त्या दुपारी त्यांनी पहिल्या खेपेला अकरा मूर्ती पिशव्यांत भरून आणल्या होत्या. या अकरा म्हणजे साऱ्या संग्रहाचं मूळ. दादाने दिलेल्या. दादा म्हणजे त्यांचा मोठा भाऊ. जहाजावर वायरमन होता. सात वर्षं त्याचं जहाज आफ्रिकेच्या एका बंदराला ये-जा करत होतं, आणि सुट्टीवर आला की दर वेळी त्याच्या पिशवीतून एखादी मूर्ती निघायची. कधी दोन.

पहिली आली ती हीच, मूल धरलेली. तेव्हा बाई नोकरीला नव्या होत्या, दिवसभर हाडं बघून डोळे शिणलेले. त्यांनी ती मूर्ती हातात घेतली आणि कितीतरी वेळ खाली ठेवलीच नाही. डोकं अंगाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, मान माणसाला असूच शकत नाही इतकी लांब. "हाडांच्या भाषेत बोलायचं तर ही बाई उभीच राहू शकत नाही," त्या दादाला म्हणाल्या होत्या, "आणि बघ, कशी ठाम उभी आहे!" तेव्हापासून वेड लागलं. पुढे जुन्या बाजारातून, घर आवरणाऱ्या लोकांकडून, दुसऱ्या हौशी माणसांशी अदलाबदल करून बाकीच्या बत्तीस जमवल्या. पण जीव या अकरांत. कारण यांच्यासोबत गोष्टी आल्या होत्या.

दादा गोष्टी सांगायला बसला की घरात टाचणी पडली तरी ऐकू यायची. एक होता म्हातारा, डाव्या डोळ्याने आंधळा, तो झाड तोडण्याआधी झाडाची माफी मागायचा. एक मूर्ती लग्नात मिळाली. एक वणव्यातून वाचलेली. बाईंनी प्रत्येक गोष्ट कार्डावर लिहून काढली. नवरा छापखान्यात प्रूफं तपासायचा. त्याने ती सुबक टाइपात छापून आणली. वाचनालयात दोनदा प्रदर्शन झालं, शाळांची मुलं घरी येऊन गेली, आणि बाईंनी त्या म्हाताऱ्याची गोष्ट शंभर वेळा तरी सांगितली असेल, डोळे पाणावून.

आता त्यांनी दुसरी मूर्ती टेबलावर ठेवली. पोकळी. तिसरी. पोकळी. सगळ्या सारख्याच, अंगठ्याएवढ्या रुंद, बुडापासून पोटापर्यंत. चौथीचं चित्र हललेलं आलं. मूर्ती हलत नाही, म्हणजे टेबलाला आपलाच धक्का लागला, हे लक्षात यायला वेळ लागला. अकराच्या अकरा. ठिपका मात्र पहिल्या मूर्तीतच. सोबत तुलनेसाठी जुन्या बाजारातली एक आणली होती, ती मात्र आतून भरीव, एका कडेला किडीच्या दोन-चार बारीक वाटा, बस्स.

बाई स्टुलावर बसल्या. कोणीतरी दार वाजवलं, "बाई, कुलूप लावायचंय," तेव्हा त्यांनी "हो" म्हटलं आणि तो आवाज आपला वाटला नाही. घरी येताना जिन्याच्या पायऱ्या मोजत चढल्या. न मोजता चढलं तर पडू असं वाटत होतं.

घरी नवऱ्याने मूल धरलेली मूर्ती उलटी करून भिंगातून बुड पाहिलं. प्रूफं तपासणाऱ्या माणसाची नजर. टिंब सुटलं तरी सापडायचं. "इथे बघ," तो म्हणाला. लाकडाच्या रेघा एका जागी केसभर सरकल्या होत्या. बुडाला झाकण होतं. इतकं बेमालूम बसवलेलं की तीस-बत्तीस वर्षं दर आठवड्याला पुसूनही बाईंना पत्ता लागला नव्हता. त्याने पातळ सुरीचं टोक घालून हळूहळू ते सैल केलं. आतून कापसाचा बोळा निघाला आणि बोळ्यातून तुरटीच्या तुकड्यासारखा एक मळकट खडा.

नवऱ्याने तो दिव्याखाली धरला.

"अहो, हे... हे काय आहे?"

"काचेचा तुकडा जपून कापसात गुंडाळून कोणी लपवत नाही," नवरा म्हणाला.

मग बाईंना एकेक आठवायला लागलं. दादा मूर्ती द्यायचा आणि सांगायचा, "कोणाला हात लावू देऊ नकोस. नवं लाकूड आहे, तडा जाईल." चार दिवसांनी यायचा, "तेल पाजून आणतो" म्हणून घेऊन जायचा आणि दोन दिवसांनी चकचकीत करून परत आणायचा. केवढं कौतुक वाटायचं तेव्हा! बहिणीच्या हौसेसाठी भाऊ किती करतो!

"म्हणजे माझं घर..." त्यांना वाक्य पुरं करता येईना. जावेला रांगेत उभं करणाऱ्या बाईंच्या घरात, फळीवर, दिव्याखाली, चोरटा माल चार-चार दिवस राहून गेला होता. आणि त्या शेजारणींना बोलावून दाखवत होत्या.

"आणि मग त्या म्हाताऱ्याची गोष्ट?" त्या एकदम म्हणाल्या.

नवऱ्याने भिंग खाली ठेवलं. "ती खोटी आहे हे मला ठाऊक होतं."

"काय?"

"तू लिहून दिलेल्या तिसऱ्या कार्डावर म्हातारा डाव्या डोळ्याने आंधळा होता, सातव्यावर उजव्या. मी दोन्हीकडे डावा केला."

"आणि मला बोलला नाहीत?"

"प्रूफ तपासणाऱ्याने चूक दुरुस्त करायची असते. खरंखोटं ज्याचं त्याने बघायचं," तो म्हणाला, पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज उतरला. "तू इतकी खुशीत असायचीस गं. आणि मला वाटलं, खलाशी माणूस, थोडं मीठमसाला लावणारच. हे असलं काही मनातसुद्धा आलं नाही."

बाई उठल्या आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्या. एकाच दिवशी भाऊ आणि नवरा दोघेही परके वाटावेत, हे त्यांना सोसेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. आयुष्यातली चौथी. मोठ्या लिफाफ्यात अकरा चित्रांच्या प्रती घेतल्या आणि दादाच्या घरी गेल्या. वहिनीने दार उघडलं, "अगंबाई, आज कशी वाट चुकलीस?" म्हणाली आणि चहाला आत गेली. दादा खिडकीशी बसून जुना पंखा उघडून दुरुस्त करत होता. सत्तरी गाठलेला, सोसायटीतल्या सगळ्यांची बिघडलेली यंत्रं फुकट नीट करून देणारा माणूस. बाईंनी काही न बोलता चित्र खिडकीच्या उजेडाला धरलं.

दादाने बघितलं. स्क्रू-ड्रायव्हर हळूच ताटलीत ठेवला.

"कशाला काढलेस गं हे?" एवढंच म्हणाला.

नाही म्हणेल, हसेल, चिडेल, काय वाट्टेल ते बाईंनी धरून ठेवलं होतं. हे धरलं नव्हतं. "म्हणजे खरं आहे?"

"सात वर्षं. आठ-नऊ फेऱ्या. दुसऱ्याचा माल होता, कच्चे हिरे, मी नुसता पोचवायचो. मग एकजण पकडला गेला आणि मी सोडलं." तो खाली बघून बोलत होता. "शेवटच्या हिशेबात एक खडा कमी भरला. त्यावरून मला फार मार बसला. तुला सांगितलं होतं जिन्यावरून पडलो म्हणून."

त्याचा तो एक्स-रे बाईंनीच काढला होता. डाव्या बाजूच्या दोन बरगड्या. जिन्यावरून पडून अशा मोडत नाहीत, हे तेव्हाही त्यांच्या मनात आलं होतं आणि त्यांनी ते झटकून टाकलं होतं.

"माझंच घर का, दादा?"

"कस्टमवाले पिशवी उघडायचे. मी म्हणायचो, साहेब, माझी बहीण जरा वेडी आहे, बाहुल्या जमवते. आणि तुझं पत्र काढून दाखवायचो. 'दादा, या वेळी ढोल वाजवणारा आण, मागच्या वेळी विसरलास.' ते वाचून हसायचे आणि सोडून द्यायचे."

त्यांनी खिडकीचा गज धरला. पत्रात नीट लिही, काय हवं ते सविस्तर लिही, असं दादा दर वेळी बजावायचा. आणि त्या दोन-दोन पानं लिहायच्या. वाटायचं, जगाच्या त्या टोकाला बसून आपलं पत्र कोणीतरी जिवापाड जपतंय. जपत होताच तो.

"आणि गोष्टी? त्या कशाला रचल्यास? माल पोचला होता ना?"

"तू विचारायचीस," दादा म्हणाला. "मूर्ती हातात घेऊन माझ्याकडे बघत बसायचीस. काय सांगणार होतो तुला?"

वहिनी चहा घेऊन आली तेव्हा बाई जिना उतरत होत्या.

पुढचे आठ दिवस फोटोबाई कामावर जात होत्या, "श्वास घ्या, सोडा" म्हणत होत्या, पण घरी आल्या की मूर्तींच्या फळीकडे पाठ करून बसत. नवऱ्याशी कामापुरतं बोलणं. नवव्या दिवशी त्या उठल्या, खडा पाकिटात घातला, दादाला फोन केला आणि म्हणाल्या, "कपडे कर. कस्टमच्या कचेरीत जायचंय."

"वेडी झालीस का? पंचवीस वर्षं झाली!"

"वेडीच आहे. तूच सांगितलंस ना त्यांना?"

दादा आला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, शाळेत वडिलांसोबत बोलावलेल्या पोरासारखा. खिडकीतल्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं, खडा बघितला, दोन साहेबांना बोलावून आणलं. "असलं काही कोणी आणून देत नाही हो," एक साहेब वैतागून म्हणाला. "याला आमच्याकडे फॉर्मच नाही." शेवटी 'सापडलेली वस्तू' असा फॉर्म निघाला. दादाचा जबाब लिहून घेतला, पत्ता घेतला, लागलं तर बोलावू म्हणाले. दादाने सही केली. बाहेर आल्यावर तो पायरीवरच बसला आणि म्हणाला, "ताटकळत होतो गं इतकी वर्षं, कोण येतंय बघत." बाई त्याच्याशेजारी बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या. पण थांबल्या.

दुसऱ्या दिवशी त्या अकरा मूर्ती आणि चित्रं घेऊन संग्रहालयात गेल्या. कीड राहिली बाजूला. लाकूड सांभाळणाऱ्या बाईंनी दोन दिवस मूर्ती ठेवून घेतल्या आणि मग बोलावून सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नका. अकरांपैकी दहा त्या काळी खलाशांना विकायलाच केलेल्या आहेत. जुन्या नाहीत. पण दहाही एकाच हातच्या आहेत. कान बघा, तीन टवक्यांत उतरवलेला. फार चांगला हात आहे. हे बुडाचं झाकणही त्याच हाताचं. मी असं काम बघितलेलं नाही."

फोटोबाईंना धक्का बसला तो याचा, की हे ऐकून त्यांना बरं वाटलं.

"आणि अकरावी?"

त्या बाईंनी अकरावी मूर्ती दोन्ही हातांनी उचलून समोर ठेवली. बैठकीवर बसलेला माणूस, चेहरा जवळजवळ पुसट. दादाच्या गोष्टीतली वणव्यातून वाचलेली. "ही जुनी आहे. खूप जुनी. चेहरा आगीने गेलेला नाही. बोटांनी झिजलाय. पुष्कळ बोटं, पुष्कळ वर्षं. आणि हिला..." त्यांनी मूर्ती उलटी केली. "हिला कोणीतरी यंत्राने भोक पाडून वर लाकडाचा चुरा भरलाय. आतून चिरत गेलीय. हे कोणी केलं हो?"

फोटोबाईंनी मूर्ती उचलून पिशवीत ठेवली.

संध्याकाळी त्या दादाकडे गेल्या. या वेळी बसल्या. मूर्ती दोघांच्या मधे ठेवली. "रचून सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "आठवतं तेवढंच."

दादाने मूर्ती जवळ ओढली. "गोदीच्या फाटकाबाहेर एक बाई बसायची," तो म्हणाला. "तीच कोरायची. म्हातारा-बितारा कोणी नव्हता. बाई कोरते म्हटलं तर तुला पटणार नाही असं मला वाटलं."

"मला?" फोटोबाई म्हणाल्या. "मला पटणार नाही?"

"तेव्हा वाटलं. मी तिला सांगायचो, आत पोकळ ठेव, झाकण दिसता कामा नये. तिने कधी विचारलं नाही कशाला. तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलायचो आम्ही. तुझी पत्रंही तिला सांगायचो. ढोलवाला हवा, म्हातारी हवी. तिला मजा वाटायची. एकदा तुझं ते वाक्य सांगितलं, हाडांच्या भाषेत ही उभी राहू शकत नाही ते. ती इतकी हसली! आणि मग ते पुन्हा सांगायला लावलं."

"आणि ही?"

"ही तिच्या घरची. तिच्या आजोबाच्या हातची. कामाला बसताना ती आधी याच्या तोंडावरून बोट फिरवायची, मग नव्या लाकडाला हात घालायची. शेवटच्या फेरीला तिने ही मला दिली. काही घेतलं नाही. म्हणाली, तुझ्या बहिणीला दे." दादाचे ओठ वाकडे झाले. "त्या खेपेला तिच्याकडे दुसरी तयार नव्हती. आणि माझ्याकडे त्याच दिवशी माल आला होता. मी बोटीवर जाऊन... इंजिनरूमच्या ड्रिलने..."

पुढचं बाईंना ऐकवलं नसतं. कोणा अनोळखी बाईने आपल्यासाठी, आपल्या दोन ओळी ऐकून, घरातली एवढी वस्तू पाठवली होती, आणि पंचवीस वर्षं ती आपल्या फळीवर, वणव्याचं खोटं कार्ड गळ्यात घालून बसली होती.

"नाव काय तिचं?"

दादाने मान हलवली. "विचारलं नाही कधी."

"सात वर्षांत?"

"सात वर्षांत."

बाईंनी मूर्ती उचलली आणि घरी आल्या. नवऱ्याने कार्डांचा गठ्ठा आपणहून काढून टेबलावर ठेवला होता. त्यांनी अकरा कार्डं वेगळी केली आणि फाडली. नवऱ्याने मदत केली. त्यानंतर दोघं बऱ्याच दिवसांनी समोरासमोर बसून जेवले.

आजोबाच्या हातची मूर्ती त्यांनी संग्रहालयाच्या बाईंच्या स्वाधीन केली. त्या बंदराच्या गावातल्या एका संग्रहालयात त्या बाईंची ओळख होती. फोटो, एक्स-रे आणि दादाने काढून दिलेला फाटकाचा नकाशा पाठवला. उत्तर आलं की ती गोदी केव्हाच पाडली, फाटकाबाहेरचे विक्रेते कुठे पांगले कोणास ठाऊक, तरी विचारपूस करतो. फोटोबाई रिटायर झाल्या. निरोपाच्या दिवशी बोलायला उभं केलं तर "सगळ्यांचे आभार" एवढंच म्हणून खाली बसल्या. कस्टमचं बोलावणं अजून आलेलं नाही. पहिले काही आठवडे त्यांनी दादाला फोन केला नाही आणि दादाचीही हिंमत झाली नाही.

मग एका सकाळी त्याचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"तिच्या पाठीवर मुलगी बांधलेली असायची," तो म्हणाला. "काम चालू असताना सुद्धा. आत्ता दाढी करताना आठवलं."

बाईंनी पेन शोधलं. "किती मोठी?"

"असेल वर्षाची. पहिल्या फेरीला. म्हणजे आता..."

"अजून काय?"

पलीकडे तो नुसता श्वास घेत होता. "अजून काही नाही आठवत."

"बरं. आठवलं की सांग," बाई म्हणाल्या. "आणि नाहीच आठवलं, तर तसं सांग."